सरीन राहू द्या, क्लोरीनचं बोला

परवाच्या शनिवारी कोल्हापुरात होतो. शुक्रवारी रात्री हिंजवडीतून सुटायचं, नवले पुलापाशी तासभर सडायचं, मध्यरात्री कधीतरी तावडे हॉटेलच्या चौकात उतरायचं आणि सकाळी आईच्या हातचा दुसरा चहा होईपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा नाही, असा आपला महिन्या-दोन महिन्यांचा ठरलेला कार्यक्रम.

ह्या वेळी मात्र पहिल्याच चहाला लॅपटॉप उघडावा लागला. मामा आणि मामेबहीण आले होते. ती एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. झिंक ऑक्साईडच्या पातळ थरांचा गॅस सेन्सर असा काहीतरी प्रोजेक्ट आहे. "दादा, जरा इंग्रजी बघ ना," म्हणून प्रस्तावना घेऊन आली होती. पहिलंच वाक्य असं, की रासायनिक युद्धात वापरल्या जाणाऱ्या विषारी वायूंचा मानवजातीला असलेला धोका दिवसेंदिवस वाढत आहे. दुसऱ्या वाक्यात सरीन. तिसऱ्यात मस्टर्ड गॅस. चौथ्यात दहशतवाद. आणि अकराव्या पानावर कळतं की बाईसाहेबांनी प्रत्यक्षात मोजलंय ते इथेनॉल. म्हणजे दारू :-)

मी हसलो. ती चिडली. "सगळ्यांच्या पेपरात असंच असतं दादा, गाईड म्हणाले सुरुवात अशीच करायची." तिचं खरं आहे. सगळ्यांच्या पेपरात असंच असतं, आणि आज माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे.

मामा शेजारी पेपर वाचत बसले होते. मामा एका शीतगृहात अमोनियाच्या प्लँटवर ऑपरेटर आहेत. कुठल्या ते सांगत नाही, मामांना अजून चार वर्षं नोकरी करायची आहे. मी सहज विचारलं, "मामा, तुमच्याकडं गॅसचा अलार्म आहे का हो?"

"हाय की. भिंतीवर हाय."

"वाजतो का?"

"वाजायचा. लई बोंबलायचा. पावसाळ्यात तर रात्रभर. मग साहेबच म्हणाले, वायर काढा त्येची. आता गप हाय बिचारा."

आता हे चित्र बघा. एकाच सोफ्यावर मुलगी सरीनपासून मानवजातीला वाचवायला निघाली आहे, आणि बाप रोज आठ तास ज्या वायूशेजारी बसतो त्याच्या अलार्मची वायर काढलेली आहे. दोघांच्या मध्ये पोह्यांची ताटली. तर मंडळी, ह्या शनिवारचा राग ह्या विषयावर.

थोडी शाळा घेतो. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. टिन ऑक्साईड, झिंक ऑक्साईड ह्यासारख्या पदार्थाचा पातळ थर घ्यायचा आणि दोनशे ते चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. हवेतला ऑक्सिजन त्या थरावर येऊन बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, म्हणून थराचा विद्युतरोध वाढतो. आता तिथे अल्कोहोल, एलपीजी, कार्बन मोनॉक्साईड असा एखादा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घसरतो. घसरण मोजली की वायू किती ते कळलं. क्लोरीनसारखा वायू आला तर उलट, रोध वाढतो. संपलं. ह्यात जादू काही नाही. शे-दोनशे रुपयांत असा सेन्सर ऑनलाईन मिळतो आणि शाळेतली पोरं आर्डुइनोला जोडून विज्ञान प्रदर्शनात बक्षिसं मिळवतात.

गोची अशी आहे की हा थर फार मनमिळाऊ असतो. कोण आलं ह्याची त्याला पर्वा नाही, कोणीतरी आलं एवढंच तो सांगतो. मिसळीची फोडणी, सॅनिटायझर, फाउंड्रीचा धूर, गुऱ्हाळाचं चुलवण, सगळ्यांना तो सारखाच नमस्कार घालतो. आणि पाण्याची वाफ? ती तर सगळ्यात आधी येऊन त्याच थरावर ठाण मांडून बसते आणि मूळ आकडाच हलवून टाकते. मामांचा अलार्म पावसाळ्यात का बोंबलायचा, ह्याचा बहुधा हाच खुलासा.

आता युद्धवायूंच्या पेपरात काय होतं ते बघू. खरा सरीन कुठल्याही कॉलेजात आणता येत नाही, आणता येऊही नये. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्याच यादीत तो आहे. म्हणून त्याच्या जागी डीएमएमपी नावाचं एक द्रव्य वापरतात. रेणूची ठेवण थोडी सरीनसारखी, विषारीपणा त्या मानाने नगण्य. ह्यात गैर काही नाही, जगभर असंच करतात. गैर पुढे सुरू होतं. सरीनची जी पातळी जिवाला तत्काळ धोक्याची मानतात, ती एका घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम. पीपीएममध्ये ०.०२ सुद्धा भरत नाही. आणि पेपरातला आलेख कुठून सुरू होतो? बऱ्याचदा दहा पीपीएमपासून. पाचशे पटींहून जास्त. ह्या सेन्सरने अलार्म द्यायचा म्हटला तर तो ऐकायला खोलीत जिवंत माणूस उरणार नाही. तरीही शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की सदर सेन्सर युद्धवायूंच्या शोधासाठी आश्वासक आहे.

ही चाचणी होते कशात, तेही ऐका. माझा एक मित्र ह्याच विषयात पीएचडी करून बसलाय (कोल्हापुरात नव्हे, विद्यापीठाचं नाव त्याने घेऊ दिलेलं नाही). काचेची हंडी, तळाला हीटर, वरून रबरी बूच, बुचातून सिरिंजने वायू टोचायचा. आत कोरडी हवा. एका वेळी एकच वायू. 'निवडक्षमता' दाखवायची म्हणजे पाच-सहा वायू एकामागून एक टोचायचे आणि उभ्या पट्ट्यांचा आलेख काढायचा. मी त्याला विचारलं, पावसाळ्यात काय करायचास? तो म्हणाला, "पावसाळ्यात आम्ही लिहायचो. रीडिंग दिवाळीनंतर."

ह्या एका वाक्यावर मी तीन दिवस विचार करत होतो. रीडिंग दिवाळीनंतर! अरे, जुलैमध्ये कोल्हापूरच्या हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. गगनबावड्याकडे तर भिंती घाम गाळतात. जो सेन्सर जून ते सप्टेंबर सुट्टीवर जातो तो आपल्या काय कामाचा? सॉफ्टवेअरमध्ये आपण ह्याला 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणतो आणि असं म्हणणाऱ्या पोराला सगळी टीम हसते. इथे त्यावर पदवी मिळते.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, ते मूलभूत संशोधन आहे, तुझ्यासारखे स्प्रिंटच्या डेडलाईनवर जगणारे लोक त्याला काय समजणार. मान्य. मूलभूत संशोधन करा ना, कोण नाही म्हणतंय? शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग पातळ थरांच्या कामासाठी जगभरच्या ह्या विषयातल्या लोकांना ठाऊक आहे. स्प्रे पायरोलिसिस म्हणजे काय हे आमच्या गल्लीतल्या चार पोरांना माहिती असतं, कारण चौघांनी त्यात पीएचडी केलेली असते. मला त्याचा अभिमानच आहे. पण मग प्रामाणिकपणे लिहा की आम्ही झिंक ऑक्साईडचे कण कसे वाढतात ते पाहिलं. त्याला सरीनचा झगा कशाला? झगा का लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. अनुदानाच्या अर्जात 'संरक्षण' हा शब्द वजनदार दिसतो, परीक्षकाला 'महत्त्व' लागतं, आणि स्थानिक पानावर 'विषारी वायू ओळखणारा सेन्सर विकसित, लष्कराला उपयोग होणार' ह्या छापाची बातमी आली की कुलगुरूंपासून आजीपर्यंत सगळे खूश. लष्कराला त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि तो व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

लष्कराला काय लागतं ते लष्कराने सांगितलंय. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने एल अँड टी कंपनीशी २२३ स्वयंचलित रासायनिक शोधयंत्रांचा करार केला, किंमत ८०.४३ कोटी. यंत्राचं नाव अकाडा, रचना ग्वाल्हेरच्या डीआरडीई ह्या प्रयोगशाळेची. त्यात आपला हा तापलेला थर नाही. त्याचं तत्त्व आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्री. म्हणजे हवा आत ओढायची, तिच्यातल्या रेणूंना विद्युतभार द्यायचा, आणि विद्युतक्षेत्रात त्यांची शर्यत लावायची. हलका सुटसुटीत आयन आधी पोचतो, बोजड मागून येतो, पोचायच्या वेळेवरून ओळख पटवायची. भागाकार केला तर एका यंत्रामागे सरासरी ३६ लाख पडतात. मी ह्याला नावं ठेवत नाही. उलट कौतुकच आहे. प्रयोगशाळेतली गोष्ट कारखान्यात गेली, ऑर्डर मिळाली, हे आपल्याकडे किती वेळा होतं? आयआयटी मुंबईतून निघालेल्या नॅनोस्निफने स्फोटकांचे अंश ओळखणारं यंत्र २०२१ मध्ये बाजारात आणलं, तेही असंच. सांगायचा मुद्दा एवढाच की ज्यांना खरोखर युद्धवायू पकडायचा आहे ते कुठल्या वाटेने गेले ते बघा, आणि आपण त्यांच्या नावाने कुठली वाट चालतोय ते बघा.

आणि छत्तीस लाखांच्या पंक्तीतली यंत्रंसुद्धा चकतात बरं का. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैन्याचे एम-८ए-१ नावाचे अलार्म हजारो वेळा वाजले. इंजिनाचा धूर, सिगारेट, काहीही कारण. शेवटी काही ठिकाणी सैनिकांनी ते बंदच करून ठेवले. म्हणजे जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य आणि आमचे मामा, दोघांनी केलं तेच.

उलट बाजूही आहे. २० मार्च १९९५, टोकियोची मेट्रो, ओम शिनरिक्यो पंथाने सोडलेला सरीन. पाच हजारांवर माणसं रुग्णालयांत पोचली. अग्निशमन दलाच्या तपासणीत पहिलं नाव आलं ते ॲसिटोनायट्राईल. यंत्र खोटं बोललं नव्हतं. सरीनच्या त्या मिश्रणात ॲसिटोनायट्राईल होतंच, द्रावक म्हणून. यंत्राने खरं पण निरुपयोगी उत्तर दिलं. सरीन हे नाव जाहीर व्हायला तीनेक तास गेले, आणि तोवर डॉक्टर लोक बाहुल्या आकसलेल्या पेशंटकडे बघून अंदाजाने उपचार करत होते.

गणित आवडणाऱ्यांसाठी. समजा तुमचा सेन्सर अत्यंत हुशार आहे, हजारात एकदाच चुकतो. मिनिटाला एकदा हवा तपासतो. दिवसाची १४४० मिनिटं. म्हणजे रोज सरासरी दीड खोटा अलार्म, वर्षाला पाचशेच्या वर. खरी गळती समजा पाच वर्षांतून एकदा. तर पाच वर्षांत अडीच हजारांहून जास्त खोट्या हाका आणि एक खरी. लांडगा आला रे आला. आता मामांच्या साहेबांनी वायर काढली ह्यात त्यांचा गुन्हा किती आणि '९९.९ टक्के अचूक' असं छापणाऱ्याचा किती? आपल्यातल्या ज्यांनी ऑन-कॉल केलंय, रात्री तीनला पेजर वाजून उठलेत, त्यांना हे शिकवायला नको. आपण काय करतो? म्यूट करतो!

आता मूळ भांडणाकडे येतो. युद्धवायू, युद्धवायू म्हणतो, तो पहिला मोठा युद्धवायू कोणता होता? २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र गाव. जर्मनांनी साडेपाच हजारांहून जास्त सिलिंडर उघडून दीडशे टनांहून जास्त वायू वाऱ्यावर सोडला. तो वायू क्लोरीन. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर आपली लाहोर डिव्हिजन लढायला उतरली आणि त्या वायूत सापडली. त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल मीर दस्त ह्या जमादाराला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोंडाला ओलं फडकं बांधणे एवढंच तेव्हा संरक्षण होतं.

तो क्लोरीन आज कुठे आहे? देशभरातल्या मोठ्या पाणीपुरवठा केंद्रांत, पिवळ्या-काळ्या टाक्यांत. एका टोनरमध्ये ९०० किलो. ईप्रला जेवढा सोडला तेवढा आजच्या दोनशेएक टोनरमध्ये मावेल. रोज सकाळी आपण जे पाणी पितो ते ह्याच्यामुळे पिण्याजोगं असतं, त्यामुळे टाक्या हटवा वगैरे मी म्हणत नाही. पण तिथल्या माणसाच्या अंगावर सेन्सर आहे का, हे विचारतोय. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, तळघरात साचतो. १० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका. १४ जुलै २०१० च्या पहाटे मुंबईत शिवडीला, हाजी बंदरच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभराहून जास्त लोक रुग्णालयात गेले. तिथे कोणी शत्रू नव्हता. गंजलेला पत्रा होता.

आणि गंमत म्हणजे ह्या क्लोरीनचं नाव करारातल्या रसायनांच्या यादीत नाही, कारण तो सगळ्यांना लागतो. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. शस्त्र म्हणून वापरला की गुन्हाच. सीरियात २०१८ मध्ये साराकिब आणि डूमा इथे तो वापरला गेल्याचं आंतरराष्ट्रीय तपास पथकाने नोंदवलं. तेव्हा 'साधा क्लोरीन मोजण्यात काय संशोधन' असं म्हणणाऱ्या परीक्षकांनी जरा इतिहास वाचावा.

दुसरा पाहुणा हायड्रोजन सल्फाईड. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी तोही थोडा वापरून पाहिला आणि सोडून दिला. आपण सोडलेला नाही. गटारात, मैल्याच्या टाकीत, साखर कारखान्यांच्या सांडपाण्याच्या हौदात, बायोगॅसच्या खड्ड्यात तो आपोआप तयार होतो. सडक्या अंड्याचा वास. हा वास फार विश्वासघातकी. एक पीपीएमच्या कितीतरी खाली असतानाच नाकाला येतो, म्हणून माणूस समजतो की वास आला तर बाहेर पळू. पण शंभर पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो. अमोनिया निदान शिवी देऊन हाकलतो तरी. हा गप्प बसवून मारतो. मग वरचा माणूस खालच्याला काढायला उतरतो, त्याला काढायला तिसरा. बातमीत नेहमी दोन किंवा तीन नावं का असतात ह्याचं कारण हेच. ३० एप्रिल २०२३ ला लुधियानात गियासपुऱ्यात तर गटाराबाहेर, रस्त्यावर आणि घरात ११ माणसं गेली.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. कंदील विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढं कळतं. जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाईड असला तरी कंदील मजेत जळत राहतो. आणि मिथेन असेल तर कंदिलाचं काय होईल ते सांगायला नको.

कायदा आहे. २०१३ चा आहे. त्याच्या नियमांत संरक्षक साधनांच्या यादीत चार वायू मोजणाऱ्या मीटरचं नावही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. चार वायूंचा चांगला मीटर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात येतो. म्हणजे एका मरणाच्या भरपाईत साठेक मीटर. हिशेब तुम्हीच करा, मला करताना कसंतरी होतं.

पण नुसता मीटर विकत घेऊन भागत नाही, आणि खरं संशोधन इथे हवंय! त्या मीटरमधला विद्युत-रासायनिक सेल दोन-तीन वर्षांत मरतो. मरतो तो गुपचूप. मेलेला सेल पडद्यावर काय दाखवतो? शून्य. आणि शून्य म्हणजे सगळं ठीक. आपल्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतंय कारण मॉनिटरिंगचाच सर्व्हर पडलाय, असा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला एकदा तरी आलाय. म्हणून आपण हार्टबीट ठेवतो. इथे हार्टबीट म्हणजे रोज वापरण्याआधी माहीत असलेला वायू थोडासा फुंकून मीटर खरंच बोंबलतो का ते बघणं. त्याला वायूचं छोटं सिलिंडर लागतं, ते संपतं, तालुक्याच्या गावी मिळत नाही, मग राहून जातं. हे सोडवा ना कोणीतरी! स्वतःची तब्येत स्वतः तपासणारा, पावसात न गांगरणारा, मेला तर 'मी मेलो' असं ओरडून सांगणारा सेन्सर. ह्यात फिजिक्स आहे, केमिस्ट्री आहे, आपल्यासारख्यांना भरपूर कोड आहे. फक्त सरीन नाही.

आणि अलार्म वाजवणारी माणसंही लागतात. विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला स्टायरीन गळला, १२ जण गेले. चौकशी समितीने नोंदवलंय की कारखान्यात सायरन सुरू करायच्या ३६ जागा होत्या. सायरन वाजला नाही. ह्याचं औषध कुठल्याच पातळ थरात नाही, हे मलाही कळतं.

कोणी म्हणेल, अशा रटाळ विषयातून मोठं विज्ञान निघत नाही. मग हे ऐका. हा जो तापलेल्या टिन ऑक्साईडचा सेन्सर, ज्यावर आज हजारो पेपर उभे आहेत, त्याचं पेटंट जपानच्या नाओयोशी तागुचींनी १९६२ मध्ये मागितलं. कशासाठी? युद्धासाठी नव्हे. जपानी घरांत स्वयंपाकाच्या गॅसचे स्फोट होत होते म्हणून! ह्या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष स्वयंपाकघरातला आहे. योगायोग म्हणजे शिवाजी विद्यापीठही त्याच १९६२ सालचं.

आणि कोल्हापूरला काय कमी आहे सांगा. विद्यापीठाच्या टेकडीवर थर बनवणारे लोक. खाली उद्यमनगरात नमुना दाखवला तर संध्याकाळपर्यंत तसाच भाग कातून देणारे लोक. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला फाउंड्र्या आणि कारखाने, जिल्हाभर साखर कारखाने, दूध थंड करणारे अमोनियाचे प्लँट. आणि चार महिने फुकट मिळणारी नव्वद टक्के आर्द्रता, जी युरोपातल्या प्रयोगशाळेला पैसे मोजून तयार करावी लागते! टेकडीवरून उद्यमनगर पंधरा मिनिटांवर आहे, रिक्षाने. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला प्रस्तावनेत 'विषारी वायू' लिहायचंय, त्याने आपला सेन्सर जुलै महिन्यात एका चालू गटाराच्या झाकणाखाली किंवा एका अमोनिया प्लँटच्या भिंतीवर तीस दिवस ठेवावा, आणि तो किती वेळा उगीच वाजला, किती वेळा वाजायला हवा असताना गप्प बसला, हे परिशिष्टात छापावं. वाईट आकडे आले तरी छापावेत. वाईट आकड्यांवरूनच पुढचा शहाणा होईल. मी स्वतः डेटा साठवायचं आणि आलेख काढायचं सॉफ्टवेअर फुकट लिहून देतो. हे जाहीर सांगतोय, नंतर पलटणार नाही.

असो. बहिणीची प्रस्तावना आम्ही दोघांनी बसून बदलली. पहिलं वाक्य आता असं आहे, की शीतगृहांतल्या अमोनियाच्या गळतीची सूचना देणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत खोटे अलार्म देतात आणि म्हणून ते बंद करून ठेवले जातात. सरीन पूर्ण गेला. इथेनॉल राहिला, कारण मोजलाय तोच, पण आता पहिल्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दादा, बरोबर आहे, पण गाईड ह्याच्यावर सही नाही करणार." सोमवारी ती दोन्ही प्रती घेऊन जाणार होती. अजून काही कळवलेलं नाही.

मामांना मात्र मुद्दा पटला. "मग वायर जोडून टाकू काय उद्या?" मी म्हटलं, थांबा, आधी तो सेन्सर जिवंत आहे का ते बघू, नाहीतर परत रात्रभर बोंबलेल आणि परत काढाल. मॉडेल नंबर बघायला फोटो पाठवा म्हटलं. काल रात्री फोटो आला. डबी जुनी पण धड दिसतेय. बाजूला स्टिकर आहे, त्यावर दोन रकाने छापलेत, कॅलिब्रेशन केल्याची तारीख आणि पुढची तारीख. दोन्ही कोरे आहेत.